‘एकत्र वाढलेत’ म्हणून गळ्यात मारलेला सेट : ८,५०० रुपये आणि एक जीव

“ससा आणि गिनीपिग एकत्र वाढलेत, एकत्रच राहतात.” एवढ्या एका थापेवर बडोद्यातल्या एका दुकानदाराने आमच्याकडून ८,५०० रुपये उकळले, आणि दोन गिनीपिगपैकी एक न्यूमोनियाने गेला. दोनमजली पिंजरा ४,८००, गिनीपिगची जोडी १,६००, ससा ९००, पाच किलो खाद्य ७५०, व्हिटॅमिनचे थेंब ४५०. यूपीआयने पैसे घेतले ते कुणाच्या तरी खासगी खात्यात, आणि बिलावर लिहिलं फक्त ‘पिंजरा व सामान’. बिलावर जनावराचं नाव नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

खूण दुकानातच समोर होती. सशाच्या पुढच्या पायांचे आतल्या बाजूचे केस चिकटून, वाळून कडक झाले होते. नाक वाहणारा ससा ते पंजांनी पुसत राहतो, म्हणून केस असे होतात. आम्ही विचारलंही. उत्तर आलं, “बाटली गळे छे, कशुं नहीं थाय, बेन!” (बाटली गळते, काही होणार नाही, ताई!) बाटली गळली तर हनुवटी ओली होते, पंजांच्या आत खपल्या धरत नाहीत. रोज ससे हाताळणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं? आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. विकणाराच छातीठोकपणे सांगतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकाने आणखी काय करायचं?

बोर्डेटेला हा जंतू कितीतरी सशांच्या नाकात असतो. सशाला त्याचा फारसा त्रास होत नाही, गिनीपिगचा मात्र त्याने न्यूमोनिया होऊन जीव जाऊ शकतो. शिवाय सशाची एक लाथ गिनीपिगच्या बरगड्या मोडायला पुरते. घरात ससा असलाच तर त्याची खोली वेगळी, आधी गिनीपिगचं करायचं, सशाचं नंतर, आणि मध्ये हात धुवायचे.

पिंजऱ्याचा तळ जाळीचा. त्यावर तळपाय सुजून जखमा होतात. दोन गिनीपिगना सपाट जमीन किमान साडेसात चौरस फूट लागते, वरचा मजला त्यात धरायचा नाही. आम्हाला दिलेला तळ तीन चौरस फूट होता.

‘दोन्ही माद्या’ म्हणून दिलेल्यातला एक नर निघाला. गिनीपिगचा गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा. पिल्लं प्रत्येकी १०० रुपयांत घ्यायला हाच माणूस एका पायावर तयार! नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करा.

खाद्य सशाचं, सुटं, पाकीट बदलून दिलेलं, त्यावर तारीखच नाही. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याला ते रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं आणि सशाच्या खाद्यात ते घातलेलं नसतं. पाण्यात घातलेल्या थेंबांचा जोर झपाट्याने कमी होतो, म्हणजे ते ४५० रुपये पाण्यातच गेले. रोज ढोबळी मिरचीची एक मोठी फोड द्या. सुकं गवत चोवीस तास समोर हवं. इथे सगळीकडे मिळणारा रजको (लसूणघास) मोठ्या गिनीपिगला रोज घालू नका, त्यात कॅल्शियम फार असतं.

आजारी पडल्यावर त्याच दुकानदाराने अमॉक्सिसिलिनचं सिरप काढून दिलं. असं पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडाने गेलं की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यातच ते दगावू शकतं. सिरप द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारलं म्हणून तेवढं तरी टळलं.

आणि सरकारी कचेऱ्या! पोलीस म्हणतात, बिलावर जनावर कुठे आहे? पालिकेचा माणूस पशुपालन खात्याकडे पाठवतो. तिथे उत्तर मिळतं, “आम्ही गाई-म्हशी बघतो, उंदीर नाही.” अर्ज घ्यायला नकार, पोच द्यायला नकार, आणि साहेब कायम मीटिंगमध्ये. २०१८ च्या पेट शॉप नियमांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत ससा, गिनीपिग, हॅमस्टर नावानिशी आहेत. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असायलाच हवी. नियमाची प्रत टेबलावर ठेवली तरी कुणी ती उचलून पाहिली नाही. ज्यांचं कामच हे, त्यांना कायदा आम्ही वाचून दाखवायचा?

दुकानात पाय ठेवताच नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, म्हणजे पोहोचल्याचा पुरावा राहतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. आमची तक्रार तिथे दाखल झाली आहे, सोबत बिल, यूपीआयची पावती आणि पाकिटाचे फोटो.