मिनॉक्सिडिल ५ टक्के (केस गळतीवर डोक्याला लावायचं औषध), ८ महिने वापरून झाल्यावर

२९ व्या वर्षी भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागली, त्याआधी दोन वर्षं एका दुकानातलं महागडं तेल चोळत होतो, काडीचा फरक नाही. शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी नीट समजावलं की हे पाणी बदललं, हेल्मेट घातलं म्हणून होत नाही, डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसांची मुळं बारीक होत जातात आणि ते घराण्यातून येतं, आईकडून पण बरं का, फक्त वडिलांकडून नाही.

तर मिनॉक्सिडिल रोज दोनदा १ मिली, कोरड्या डोक्यावर. पहिल्या महिन्यात केस उलट जास्तच गळले, मी जाम घाबरलो, पण जुने केस पडून नवे येतात म्हणून तसं होतं, तिथे सोडू नका प्लीज. पाचव्या महिन्यापासून भोवरा भरलेला दिसतोय, कपाळाच्या कोपऱ्यांत मात्र फार काही नाही. लिक्विडने खाज यायची, त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचं द्रावण असतं, त्याच औषधाचा फोम घेतल्यावर थांबली.

दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. बंद केलं की काही महिन्यांत आलेले केस जातात. आणि घरात मांजर असेल तर खूप जपा, तिच्यासाठी हे विष आहे, हात धुवा, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. फिनास्टेराइडची (डीएचटी कमी करणारी) गोळी डॉक्टरांनी सुचवलीये, पण लैंगिक साइड इफेक्ट होऊ शकतात त्यामुळे बायकोशी बोलूनच ठरवणार.