मीटर वाजला म्हणून मोटर जळलेली नसते

इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरचं वायंडिंग, म्हणजे आतली तारेची वेटोळी, जळलंय हे गिऱ्हाइकाला पटवून द्यायला अर्धं मिनिट पुरतं. वायंडिंग धडधाकट असलं तरीही. वीज मोजायचा मल्टिमीटर लावायचा, 'पीं' असा आवाज काढून दाखवायचा आणि मान हलवायची. कोल्हापुरात आता गल्लोगल्ली या गाड्या दिसतात, त्या दुरुस्त करणारी दुकानंही वाढलीत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

माझा डब्यांचा व्यवसाय आहे. राजारामपुरीतून शाहूपुरी, दसरा चौक, ताराराणी चौक अशा बाजूला दुपारचे डबे जातात. गाडी बिननंबरची, म्हणजे २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी. तिला लायसन लागत नाही. मोटर मागच्या चाकातच असते, चेन नाही की पट्टा नाही. ज्याच्याकडून घेतली त्यानं मधल्या काळात दुकानच बंद केलं, त्यामुळे काही झालं की दुसऱ्याच्या दारात जाणं आलं.

पावसाळा सुरू झाला आणि गाडी जागेवरून निघताना झटके मारायला लागली. रेस दिली की चाक थरथरायचं, गुरगुरायचं, पण पुढं सरकायचं नाही. पायानं जरा ढकललं की मग धरायचं आणि खरखरत का होईना चालायचं. हे लक्षण बहुतेक वेळा हॉल सेन्सरचं असतं. या मोटरला ब्रश नसतात. आत तारेची वेटोळी स्थिर असतात आणि त्यांच्याभोवती चुंबकांचं कडं फिरतं. कुठल्या वेटोळ्यात कधी करंट सोडायचा हे कंट्रोलर ठरवतो, पण चुंबक आत्ता नेमकं कुठं आलंय हे त्याला हे तीन सेन्सर सांगतात. त्यातला एक जरी मुका झाला तरी कंट्रोलरचा अंदाज चुकतो आणि चाक पुढं-मागं धडपडतं. सेन्सर म्हणजे तीन पायांचा, चार मिलिमीटर रुंदीचा तुकडा. किंमत अगदी किरकोळ. खर्च असतो तो मोटर उघडण्याच्या मजुरीचा.

हे सगळं मला तेव्हा माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि ज्या दुकानात गाडी नेली त्या दुकानदाराला ते पक्कं ठाऊक होतं.

दुकानातल्या पोरानं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, सीटखालचा कप्पा उघडला आणि मोटरकडून येणाऱ्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवल्या. पिवळी, हिरवी, निळी. मीटर बझरवर, म्हणजे दोन टोकांमधून करंटला वाट मिळाली की वाजतो त्या खुणेवर, ठेवून त्यातल्या दोन तारांना टोकं लावली. पीं. दुसरी जोडी, पीं. तिसरी, पीं.

"ऐकताय न्हवं ताई? तिन्ही तारा एकमेकींत शॉर्ट हाईत. वायंडिंग जळलंय."

मग बारीक पाच तारांचं कनेक्टर खेचून काढलं, मीटर व्होल्टवर केला आणि मोटरकडच्या बाजूला टोकं लावून हातानं चाक फिरवलं. चाक सुळकन फिरलं. मीटरवर शून्य.

"हॉल सेन्सर बी तिन्ही गेलेत. आता हिच्यात काय राहिलं न्हाई."

आतून मालक म्हणाला, उघडण्यात पैसे घालवू नका, नवीनच टाका. मोटर नऊ हजार दोनशे, फिटिंग त्यातच, आणि जुनीचे भंगारात सातशे वजा करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं 'नवीन मोटर फिटिंगसह ८५००' असं लिहून पाठवलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावून वरचे पैसे कशाला देताय. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. चाक काळं कुळकुळीत. "टायर तुमचाच बसवलाय, चांगला होता," हे आवर्जून सांगितलं.

ऐन जुलैच्या पावसात तीच थरथर, तीच गुरगुर परत सुरू झाली. दुकानदाराचं म्हणणं, पाणी गेलं, पाण्याला गॅरंटी नाही. कोल्हापुरात जुलैमध्ये पाण्याला गॅरंटी नाही म्हणजे गाडीलाच गॅरंटी नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

माझ्या दिरानं गाडी शिवाजी उद्यमनगरात न्यायला सांगितलं. उद्यमनगर म्हणजे इंजिनं, ओतकाम, लेथ यांचं गाव. तिथं पंप आणि पंखे भरणारे एक वायंडिंगवाले मामा आहेत. इलेक्ट्रिक गाड्या ते मनापासून घेत नाहीत, पण शेजारधर्म म्हणून बघितली. मी आधीची सगळी कथा सांगितली, 'पीं'सकट. मामा हसले.

"वाजणारच की. न्हाई वाजलं तर काळजी."

त्यांचं म्हणणं असं. या तिन्ही जाड तारा आत एकमेकींना जोडलेल्याच असतात, आणि तार इतकी जाड की तिचा रोध एका ओहमच्याही खाली असतो. साध्या मीटरचा बझर त्याहून कितीतरी जास्त रोधावरही वाजतो. म्हणजे चांगल्या मोटरच्या तिन्ही जोड्या वाजल्याच पाहिजेत. एखादी जोडी वाजली नाही तर तार तुटलीय. किंवा जाड तार आणि मोटरचा लोखंडी आस यांच्यात वाजला, तर मग वायंडिंग बॉडीला लागलंय. माझ्या समोर आसाला टोक लावलंच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "जाड तारा सुट्या असताना चाक कसं फिरलं?"

"सुळकन."

"मग जळली कशी?"

ही गोष्ट मात्र घरी करून बघण्यासारखी आहे, तिला मीटरही लागत नाही. गाडी बंद, बॅटरीची एमसीबी पाडलेली, तिन्ही जाड तारा कंट्रोलरपासून सोडवलेल्या आणि एकमेकींना न टेकणाऱ्या. आता चाक हलकं फिरलं पाहिजे. कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकींना टेकवा, चाक लगेच अडकत अडकत, जड फिरेल, कारण फिरवताना तयार होणारा करंट चाकालाच मागं ओढतो. तिन्ही जोड्यांना सारखंच जड लागलं तर वायंडिंग बहुधा ठीक. तारा सुट्या असतानाही चाक तसंच अडकत, जड फिरत असेल तर आत बहुधा खरोखर शॉर्ट आहे. आणि सुट्या असताना हलकं, पण कंट्रोलरला जोडल्यावर गाडी बंद असतानाच जड, तर संशय मोटरवर नाही, कंट्रोलरवर घ्यायचा. म्हणजे त्या पोरानं सेन्सरची चाचणी दाखवण्यासाठी जे चाक सुळकन फिरवलं, त्यानं त्याचीच वायंडिंगची चाचणी खोटी पाडली होती. मी आणि तो, दोघंही मीटरकडे बघत होतो.

सेन्सरचं शून्य तर याहून सोपं. सेन्सरला चालायला ५ व्होल्ट लागतात आणि ते कंट्रोलरकडून येतात, त्या बारीक तारांतल्या लाल-काळीवरून. कनेक्टर काढून टाकलं म्हणजे सेन्सरचा वीजपुरवठाच बंद. तिथं शून्य नाही तर काय येणार? मामांनी आणखी एक सांगितलं: हा सेन्सर स्वतःहून व्होल्टेज देत नाही. कंट्रोलर एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट वर धरून ठेवतो आणि सेन्सर चुंबकाचा ठरावीक ध्रुव समोर आला की ते खाली ओढतो. त्यामुळे बाहेरून नुसते ५ व्होल्ट देऊन मोजलं तरी चांगला सेन्सर मेलेला दिसू शकतो.

खरी चाचणी त्यांनी मला माझ्याच हातानं करायला लावली. कनेक्टर जोडलेलंच ठेवायचं. चाक जमिनीवरून उचललेलं, चावी चालू, रेसला अजिबात हात लावायचा नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळं टोक कनेक्टरच्या मागून काळ्या तारेत, लाल टोक आधी लाल तारेत. साडेचार ते पाचच्या आसपास व्होल्ट आले पाहिजेत, नाही आले तर पुढं मोजण्यात अर्थ नाही. माझे ४.९ आले. मग लाल टोक बारीक पिवळीत, आणि चाक अगदी सावकाश हातानं फिरवायचं. आकडा पाचाच्या जवळ, मग शून्याच्या जवळ, परत पाच, असा उड्या मारतो, आणि चाकाच्या एका फेरीत कितीतरी वेळा मारतो. पिवळी ठीक. हिरवी ठीक. निळी पाचावर चिकटून बसली, चाक कितीही फिरवा. पाचावर चिकटणं म्हणजे बहुधा सेन्सर किंवा त्याची तार तुटलीय, शून्यावर चिकटणं म्हणजे शॉर्ट. टोकं लावताना हात सांभाळा. शेजारच्या जाड तारांवर ४८-६० व्होल्ट असतात, ते चुकून ५ व्होल्टच्या तारेला लागले तर होते ते सेन्सरही जातात आणि कंट्रोलरही.

मामांनी मोटर उघडली. चुंबकं इतक्या जोरात धरतात की बोट मध्ये सापडलं तर ठेचतं, हे काम घरी करू नका. आतलं दृश्य बघून मामा माझ्याकडे आणि मी मामांकडे. चुंबकांच्या कड्यावर तांबूस गंज. नव्या मोटरला. तीन सेन्सरांपैकी दोन कारखान्यातल्या कडक इपॉक्सीत बसलेले, आणि निळ्या तारेचा तिसरा ग्लूगनच्या पांढऱ्या गोंदात, मोटरच्या उष्णतेनं मऊ होऊन सरकलेला, एक पाय डाकापासून सुटलेला. मामांनी कडेचा काळा रंग स्क्रूड्रायव्हरनं खरवडला. खाली पोचा होता. या गाड्यांची रिम आणि मोटरचं कवच एकच ओतीव असतं, आणि तो पोचा मी ओळखत होते. रंकाळ्याच्या बाजूला खड्ड्यात आदळून पडलेला, पंक्चर काढताना माझ्या मोबाइलमध्ये फोटोही घेतलेला होता.

म्हणजे त्यांनी माझी मोटर सातशे रुपयांना भंगारात घेतली, एक सेन्सर बसवला, रंग मारला, आणि मलाच नऊ हजार दोनशेला विकली.

मामांनी तिन्ही सेन्सर नवे घातले, मोटर उघडलीच आहे तर एकट्याला बदलण्यात शहाणपण नाही म्हणून. लॅच जातीचे घातले, म्हणजे चुंबकाचा एक ध्रुव समोर आला की चालू आणि उलटा आला की बंद होणारे. दिसायला हुबेहूब तसेच स्विच जातीचे मिळतात आणि घाईत तेच चिकटवले जातात, असं ते म्हणाले. आसातून बाहेर येणारी तार त्यांनी खाली झोल देऊन बांधली, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत आत न जाता झोलावरून खाली ठिबकतं. आसाचे नट आवळले, कारण आस सैल होऊन फिरला की तारा पिळून तुटतात. सगळे मिळून साडेसहाशे रुपये घेतले आणि वहीच्या पानावर का होईना, काय बदललं ते लिहून सही करून दिली.

फोटो घेऊन दुकानात गेले तेव्हा मालक आधी म्हणाला, रिकंडिशन होती, नवीन कोण म्हणालं? व्हॉट्सअ‍ॅप दाखवला. मग पोरावर ढकललं. मग चहा मागवला. शेवटी यूपीआयनं तीन हजार पाठवले आणि खाली 'हिशेब पूर्ण' असं लिहिलं. मी लगेच उत्तर दिलं की पूर्ण नाही, आणि त्या उत्तराचाही स्क्रीनशॉट ठेवलाय. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे 'बिल नाही म्हणून काही करता येत नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश, मामांचं सही केलेलं पान आणि पोच्याचे आधीचे-नंतरचे फोटो एवढं जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज भरायला घेणार आहे. मालकाचा काल फोन आला होता, आणखी दोन हजार घ्या आणि तक्रार मागं घ्या म्हणून. मी साडेपाच हजार सांगितलेत.