बाळाचा पहिला घास आणि स्पीच थेरपिस्ट: ही सेवा घ्यावी का?

उष्टावण झालं, पण चमचा दिसला की बाळ तोंड फिरवतं. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ स्पीच थेरपिस्टकडे पाठवतात आणि घरचे बुचकळ्यात पडतात: अजून बोलायचं वय नाही, मग तिथे कशाला? ओठ, जीभ, जबडा आणि गिळणं हे सगळं या तज्ज्ञांच्या शिक्षणातच येतं, म्हणून. बहुतेक बाळांना याची गरज पडत नाही. ज्यांना पडते, त्यांच्यासाठी ही सेवा मोलाची आहे, पण ती नीट दिली गेली तरच.

चांगल्या सत्राची खूण म्हणजे बाळाला प्रत्यक्ष खाताना पाहिलं जातं. आधी अंगावर पिताना, मग चमच्याने. पिताना जीभ पुढे-मागे हलते. घास तोंडात आला की जीभ सवयीने तीच हालचाल करते आणि पेज हनुवटीवर येते. घरच्यांना वाटतं, चव आवडली नाही. जीभ बाहेर ढकलण्याची ही प्रतिक्षिप्त क्रिया साधारण चार ते सहा महिन्यांत ओसरते. काहींची थोडी रेंगाळते.

इथे जाणता थेरपिस्ट चमचाच बदलतो. खोलगट चमचा नको, उथळ हवा, कारण खोलगट चमच्यातला घास वरच्या ओठाला पुसून घेता येत नाही. चमचा जिभेच्या मधोमध ठेवून किंचित खाली दाबायचा, वरचा ओठ खाली येईपर्यंत थांबायचं आणि सरळ बाहेर काढायचा. वरच्या हिरडीवर घास खरवडून टाकला की ओठाला कामच उरत नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते आणि पाहणाऱ्याने दोन घासांत पकडायला हवी.

बसण्याचंही तसंच. कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलांखाली आधार, मान सरळ. मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने ओतणं किंवा बाटलीच्या निपलचं भोक मोठं करून सत्त्व पाजणं लगेच बंद करायला लावणारा थेरपिस्ट बरोबर आहे. आडव्या बाळाच्या घशात पातळ पदार्थ स्वतःहून घरंगळतो आणि ठसका लागतो.

घट्टपणाबद्दल मात्र बऱ्याच ठिकाणी मोघम सांगितलं जातं. ‘पातळ द्या’ हा सल्ला नव्हे. चमचा तिरका केला तर धार लागू नये, इतपत घट्ट हवं. मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) शिजताना पातळ होतं, म्हणून ते नेहमीच्या पिठापेक्षा थोडं जास्त लागतं. मऊ भातात आईचं दूध घातलं तरी काही मिनिटांत असंच होतं, त्यामुळे ते भरवताना घालावं. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मीठ-साखरेविना. मध बाळ एक वर्षाचं होईपर्यंत नाही. आठव्या महिन्याच्या आसपास मिक्सर बंद करून काट्याने कुस्करलेलं द्यायला लागावं. गुठळ्या नऊ-दहा महिन्यांच्या पुढे ढकलल्या तर पुढे खाण्याच्या कटकटी वाढतात.

गुठळी आली की बाळाला उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं, घास पुढे येतो. हे संरक्षण आहे, घाबरायचं नाही. आवाजच न येणं, ओठ निळसर पडणं म्हणजे गुदमरणं. हा फरक पहिल्याच भेटीत समजावला नाही, तर फी वाया गेली असं समजा.

नापसंतीचे मुद्दे तीन. पहिला, नुसते गाल चोळायचे, कंप देणारं ब्रश फिरवायचं, आणि घास एकही नाही. चावणं चावूनच येतं. दुसरा, जाळीच्या फीडरची (खाऊ भरून चोखायला द्यायच्या जाळीदार पिशवीची) शिफारस: त्यात बाळ पुन्हा चोखतंच. तिसरा आणि सर्वांत चुकीचा, ‘अंगावरचं बंद करा म्हणजे खाईल.’ दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहावं. फार भुकेलं बाळ चमच्यावर चिडतं, तेव्हा आधी थोडं पाजून मग भरवावं. पाण्यासाठी स्टीलची छोटी वाटी कोणत्याही चोचीच्या कपापेक्षा सरस.

सोय पाहिली तर जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत. तिथली सेवा मोफत आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही आहे. खासगी ठिकाणी भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा, संकोच नको. व्हिडिओ कॉल चमचा आणि बैठक सुधारायला पुरतो. पण प्रत्येक घासाला खोकला, खाल्ल्यावर घरघरता आवाज, नाकातून दूध, वारंवार न्यूमोनिया किंवा थांबलेलं वजन असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग समोरासमोर तपासणी.

पहिल्या भेटीला घरचा चमचा, वाटी, घरी शिजवलेला पदार्थ आणि वजनाचा तक्ता न्या. बाळ पूर्ण महिन्यांच्या आधी जन्मलं असेल तर किती आठवडे आधी, तेही लिहून न्या. वय त्यानुसार मोजलं जातं.