अ‍ॅना रसेल यांची एलपी : नौपाड्यात सापडलेला एक परदेशी एकपात्री प्रयोग

नौपाड्यातील जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या एका छोट्या दुकानात नाट्यसंगीताच्या तबकड्या चाळताना, कोलंबिया कंपनीने १९५३ साली काढलेली अ‍ॅना रसेल यांची एलपी (लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) माझ्या हाती आली. नऊशे रुपये ही किंमत मला जास्त वाटली होती, परंतु मुखपृष्ठावरील नावामागे प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह अशी दोन्ही चिन्हे पाहून कुतूहल आवरले नाही. एखाद्या पाश्चात्त्य गायिकेचे गंभीर गायन ऐकायला मिळेल, या समजुतीने मी ती घेतली आणि पहिल्या पाचच मिनिटांत तो समज दूर झाला; हा तर गंभीर संगीताचीच थट्टा करणारा विनोदी प्रयोग होता.

या बाईंचा जन्म १९११ साली लंडनमध्ये झाला. तेथील रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, पण ऑपेरातील, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकातील, गंभीर कारकीर्द काही उभी राहिली नाही. पुढे कॅनडात गेल्यावर १९४२ साली टोरांटोत त्यांनी स्वतःचा पहिला एकपात्री प्रयोग केला. ज्या आवाजाने ऑपेरात निराशा केली, तोच आवाज त्यांनी थट्टेचे भांडवल म्हणून वापरला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्या न्यूयॉर्कच्या टाउन हॉल या सभागृहात पोहोचल्या. पन्नासच्या दशकात त्यांचे प्रयोग दूरदूरच्या देशांत होत होते. २००६ साली ऑस्ट्रेलियात त्यांचे निधन झाले.

तबकडीतील सर्वांत मोठा आणि सर्वांत सरस भाग म्हणजे जर्मन संगीतकार वॅग्नर यांच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेचे त्यांनी केलेले विवेचन. मूळ मालिका चार रात्री, सुमारे पंधरा तास चालते. रसेल बाई तिचे कथानक वीस-बावीस मिनिटांत सांगतात, तेही स्वतः पियानोवर बसून आणि त्यातील स्वरावली वाजवून दाखवत. येथे त्यांनी केलेली चलाखी अशी, की त्या कथेत स्वतःचे जवळजवळ काहीच घालत नाहीत. ऱ्हाईन नदीतील तीन कन्या, सोने पळवणारा बुटका, किल्ला बांधून घेऊन राक्षसांना मोबदल्यात मेहुणी देऊ करणारा देव, हे सारे वॅग्नर यांनीच लिहिलेले आहे. बाई ते केवळ शेजारणीने वाड्यातील भानगड सांगावी अशा सुरात सांगतात आणि मध्येच ‘हे मी माझ्या पदरचे सांगत नाही हो’ अशा अर्थाचे त्यांचे प्रसिद्ध वाक्य टाकतात. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्राला याच वाक्याचे नाव दिले, यावरून ते किती चिकटले असेल याची कल्पना येते.

नात्यांच्या गुंत्यावरचा त्यांचा विनोद मात्र मराठी कानाला अधिक रंगतो, असे माझे मत झाले. ‘रिंग’चा नायक सिगफ्रीड ज्या ब्रुनहिल्डेच्या प्रेमात पडतो, ती त्याची ‘आंट’ लागते, असे इंग्रजीत एका शब्दात निभावते. परंतु सिगफ्रीडचे आईबाप हे परस्परांची जुळी भावंडे आणि ब्रुनहिल्डे त्या दोघांची सावत्र बहीण, म्हणजे ती एकाच वेळी आत्याही आणि मावशीही. हे नाते सांगायला मराठीच हवी. ‘सौभद्रा’तील अर्जुन मामेबहिणीशीच लग्न करतो हे ठाऊक असलेल्या नाट्यरसिकाला यात धक्का बसण्याचे कारण नाही, हसू मात्र येते.

गिल्बर्ट आणि सलिव्हन या एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखक-संगीतकार जोडीच्या धाटणीचे संगीत नाटक घरच्या घरी कसे रचावे, हा दुसरा मोठा भाग तंत्रदृष्ट्या नेटका आहे, पण मूळ नाटके कानावरून गेली नसतील तर निम्मा विनोद निसटतो. आपल्याकडे संगीत नाटकातील ठरलेली पदे, ठरलेला विनोदी नोकर आणि ‘वन्स मोअर’ची ठरलेली जागा यांवर असे काही रचता येईल, हा विचार ऐकताना सारखा मनात येत होता. वाद्यांच्या थट्टेचा भाग मला ओढूनताणून वाटला.

वस्तू म्हणून सांगायचे तर ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, आहे, प्रत्यक्ष प्रयोगात केलेले असल्यामुळे प्रेक्षकांचे हसणे त्यात येते आणि बाईंचे इंग्रजी उच्चार स्पष्ट असले तरी वेग असा आहे, की दुसऱ्यांदा ऐकल्यावाचून सर्व शब्द कळत नाहीत. दुकानदाराने ‘एकदम स्वच्छ माल’ म्हणून दिलेल्या तबकडीवर एक खोल चरा निघाला. सुई त्यावर अडकून एकच स्वरावली पुन्हापुन्हा वाजू लागली आणि वॅग्नरच्या पुनरावृत्तीचीच ही थट्टा असावी असे समजून मी बराच वेळ कौतुकाने ऐकत राहिलो. बदलून मागितल्यावर ‘जुन्या मालाला परतावा नाही’ असे उत्तर मिळाले. ही अट आधी सांगायला हवी होती. जुनी तबकडी घेणाऱ्याने ती दुकानातच दोन्ही बाजूंनी वाजवून पाहावी.

संग्राहक नसलेल्यांनी नऊशे रुपये खर्च करण्याची गरज नाही, कारण ‘रिंग’चे हे विवेचन यूट्यूबवर ऐकता येते. इंग्रजी कानाला सवयीचे असेल आणि गायकांची थट्टा केल्याने गाण्याचा अपमान होतो असे वाटत नसेल, तर वॅग्नर यांचे नावही न ऐकलेल्या माणसाला ते कळेल. माझ्या पत्नीने ते ऐकल्यावर मूळ ऑपेरा कुठे पाहता येईल, अशी चौकशी केली आणि पंधरा तासांचा आकडा ऐकून ती मागे घेतली.