ता प्रोमच्या दारात गेलेले २८० डॉलर

कंबोडियात अंगकोरची देवळं बघायला कॅमेरा घेऊन जाणार असाल तर आधी हे ऐका. 'फोटोग्राफी परमिट' कुणी विकत असेल तर तो चोर आहे. हौशी माणसाला अंगकोरच्या पासापलीकडे फोटोंसाठी काहीही लागत नाही. धंद्यासाठी चित्रीकरण करायचं असेल किंवा ड्रोन उडवायचा असेल तर तिथला कारभार बघणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवर मिळत नाही.

आम्हाला ती व्हॉट्सॲपवर मिळाली. मी आणि माझा मेहुणा. माणशी १२० डॉलर, म्हणजे २४० डॉलर, पेमेंट लिंकवर क्रेडिट कार्डानं. २०,१६० रुपये, त्यावर बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप ७०५ रुपये ६० पैसे, आणि त्या मार्कअपवर जीएसटी १२७ रुपये. चोरानं लुटलं त्यावरही कर भरला आम्ही!

आमिष काय, तर अंगकोरमधलं ता प्रोमचं देऊळ पहाटे साडेपाचला, एकही पर्यटक नसताना. मुळांनी विळखा घातलेली ती दारं ज्यानं कधी कॅमेऱ्यात टिपायचा प्रयत्न केलाय त्याला कळेल मी का पाघळलो. दिवसा तिथे प्रत्येक मुळापुढे फोटोसाठी रांग असते. आणि परमिट विकणारा हा इसम काही उडाणटप्पू वाटत नव्हता. सातव्या जयवर्मनानं ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ हे बांधलं इथपासून कुठल्या अंगणात किती वाजता ऊन उतरतं, कुठे किती मिलिमीटरची लेन्स लावायची इथपर्यंत सगळं सांगायचा. शिवाय आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या कुठल्याही लेण्यात ट्रायपॉड उघडला की रखवालदार शिट्टी फुंकत धावून येतो, व्हिडिओ कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. मग तिकडेही वेगळं परमिट असेल हे कुणालाही खरंच वाटलं असतं. उगाच 'शिकलेली माणसं फसतात कशी' म्हणू नका.

पण ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. परमिटची कार्डं अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरातल्या हॉटेलवर पाकिटातून आली होती. लॅमिनेट केलेली, गळ्यात घालायच्या निळ्या दोरीसकट. मेहुणा दोन्ही कार्डं पलंगावर शेजारीशेजारी ठेवून म्हणाला, "दाजी, दोन्हीवर नंबर एकच आहे बघा." ००४१७. दोन्हीवर. मी काय म्हणालो? "ग्रुप परमिट असेल रे." त्याच पलंगावर आमचे खरे पास पडले होते, माणशी ६२ डॉलरचे, तीन दिवसांचे. त्यांवर आमचे चेहरे छापलेले, तिकीट खिडकीवरच्या कॅमेऱ्यात तिथल्या तिथे टिपलेले, प्रवासानं सुजलेले. नुसतं मंदिर बघायला चेहरा छापून देणारे लोक बंद मंदिर उघडून द्यायला बिनचेहऱ्याचं कार्ड देतील? तारीख बॉलपेननं घातलेली, नाव कुणाचंच नाही. बरं, तिकीट खिडकीवरच्या मुलीलाही मी परमिटचं विचारलं होतं. ती मान हलवत म्हणाली, पास आहे ना, फोटो ओके. मला वाटलं, नवी दिसतेय, हिला माहीत नसेल.

पहाटे ता प्रोमच्या रखवालदारानं कार्ड टॉर्चनं एकदा बघितलं आणि परत दिलं. "साडेसात." बस, एवढंच म्हणाला. अंगकोर वाट पाचला उघडतं, ता प्रोम साडेसातला. ही वेळ सगळीकडे लिहिलेली असते. तेवढ्यात खाकी शर्टातला एक जण अंधारातून आला, "ट्रायपॉड फी ४० डॉलर, मी आत बोलतो" म्हणाला, पैसे घेऊन मोटरसायकलवर बसला आणि गेला. तोही त्यांच्यातलाच होता की आयता घुसला, देव जाणे. अंगकोर वाटचा सूर्योदयही त्या दिवशी हुकला.

आता तक्रारीचं ऐका. सिएम रीपच्या पोलिसांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, म्हणाले, पैसे भारतातून गेले, तिकडेच तक्रार करा. पुण्यात पोलीस ठाण्यात म्हणाले, गुन्हा कंबोडियात घडला, आमची हद्द नाही. कंबोडिया म्हटल्यावर साहेबांच्या डोक्यात एकच, ते नोकरीच्या नावाखाली पोरांना नेऊन सायबर फसवणुकीला जुंपणारे अड्डे. "तुम्ही तिकडे गेलातच कशाला?" देवळं बघायला, साहेब. "देवळं काय इथे कमी आहेत?" बँकेचं म्हणणं, व्यवहाराला तुम्हीच मंजुरी दिलीत. अहो, दिलीच! फसवणूक म्हणजे तेच असतं ना? शाखेतून कॉल सेंटर, कॉल सेंटरमधून ईमेल, ईमेलमधून परत शाखा. तिथल्या बाईंनी कार्डाची झेरॉक्स मागितली, चोरानं दिलेल्या कार्डाची, आणि ती 'साक्षांकित' हवी म्हणाल्या.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला १९३० या आपल्याकडच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आम्ही परत येईपर्यंत थांबलो.

रिकामं ता प्रोम हवंय? सूर्योदय सोडा आणि साडेसातला दारात उभे राहा. बाकीची गर्दी तेव्हा अंगकोर वाटवरून नाश्त्याला गेलेली असते. रोख पैसे घ्यायची वेळ आलीच तर डॉलरची नोट उलटीपालटी करून बघा, कोपरा फाटलेला असेल तर पुढे कुणी घेत नाही. गाइड हवा असेल तर पर्यटन मंत्रालयाचा परवाना मागा. बान्तेय स्रेईच्या देवळात सकाळी जा, गुलाबी दगड तेव्हा पेटतो. तिथल्या मूर्ती १९२३ मध्ये कापून नेणारा फ्रेंच इसम पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला, तेव्हा आमचा चोर पकडला जाईल अशी आशा मी सोडलीय.

तो बेपत्ताही नाही. नाव बदललंय, नंबर तोच. आता कोह केरच्या सात टप्प्यांच्या पिरॅमिडसारख्या देवळासाठी 'ड्रोनसह प्रवेश' विकतोय, माणशी १५० डॉलर. कोह केरचं तिकीट वेगळं असतं हे खरं. ते १५ डॉलरचं आहे.