डिश सॅटेलाइटची, सिम मोबाइलचं

२०२५ च्या जूनमध्ये उपग्रहावरून थेट इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. ती बातमी मोबाइलवर दाखवत, तसं नेट बसवून देतो म्हणत पोळ्याच्या सुमारास एक जण आमच्या मळ्यात आला. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमची वस्ती. घरात रेंज नावालाच. बातमी खरी होती. पण परवाना मिळाला म्हणजे विक्री सुरू झाली असं नाही, तेव्हा असं घरगुती कनेक्शन देशात कुठंच विकत मिळत नव्हतं.

‘साइट सर्व्हे’चे पंधराशे त्याने आधीच घेतले. मग फोन हातात धरून खळं, गोठा, घराचं धाबं (सपाट छत) सगळीकडे फिरला. आईने खळ्याची जागा सुचवली, चहूबाजूंनी मोकळी. “मावशी, तिथं सिग्नल नाही धरत,” म्हणे. शेवटी धाब्याचा कोपरा ठरला, वर निंबाच्या फांद्या. पाइप, फिटिंग, डिपॉझिट धरून आणखी आठ हजार गेले.

सगळी मेख या जागेतच होती. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, काही मिनिटांत नजरेआड होतात. अँटेनाला एक सुटला की दुसरा धरावा लागतो, म्हणून आभाळाचा मोठा भाग मोकळा हवा. फांदी किंवा टाकी आड आली की नेट तुटतं. टीव्हीच्या छत्रीचं तसं नसतं. तिचा उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याकडून ती दक्षिणेला तोंड करून एकदा बसवली की झालं. खरा माणूस आधी वर बघेल. याने मान वर केलीच नाही, तो फोनवरच्या रेंजच्या काड्या मोजत होता.

नेट चाललं, हे मात्र खरं. एकदा गावातली लाइट गेली, टॉवर बंद पडला आणि आमचं नेटही गेलं. मळ्यात तर लाइट होती! भाच्याने लगेच ‘उघडलं तर वॉरंटी जाईल’ असं लिहिलेली पेटी उघडली. आत फोरजी राउटर आणि सिमकार्ड. छत्रीही जुनी टीव्हीचीच, नवं स्टिकर लावलेली. तिची वायर पेटीत येऊन चिकटपट्टीखाली संपलेली.

पैशांपेक्षा घोर आईच्या आधारच्या झेरॉक्सचा आहे, ‘केवायसी’ म्हणून त्याने ती नेली. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. तिथं बघितलं, पोलिसांत तक्रारही दिली. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

यावलकडेही असा कोणी फिरतोय म्हणतात. आल्या आल्या “घरात रेंज कुठं येते?” विचारलं, तर त्याला धाब्यावर चढूच देऊ नका.