शोधगंगा: शोधनिबंधासाठी लाभलेला खरा आधार

एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्रात नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या विक्रीव्यवस्थेवर शोधनिबंध लिहायचा होता, तेव्हा एका दुकानदाराने तयार निबंध विकत देऊ केला. तो मी नाकारला आणि मार्गदर्शक मॅडमच्या सूचनेवरून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे विनामूल्य ऑनलाइन भांडार उघडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, त्यामुळे देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध येथे प्रकरणनिहाय पीडीएफ स्वरूपात वाचता येतात.

सर्वांत मोलाची वाटली ती प्रबंधांची संदर्भसूची. पाच-सहा सूची शेजारी ठेवल्या, की पुन्हा पुन्हा येणारे ग्रंथ आणि अहवाल कोणते ते लक्षात येते आणि ग्रंथालयात नेमके काय मागायचे हे ठरवता येते. परिशिष्टांतील प्रश्नावल्या पाहूनच मला अडत्यांना कोणते प्रश्न विचारावेत हे उमगले. मजकूर मात्र उचलू नये. आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचेच साम्य दंडाविना चालते. शोध मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्दांनी घ्यावा, कारण मराठी प्रबंधांची शीर्षके काही वेळा रोमन लिपीत नोंदलेली असतात.